खालच्या आळीतली मालन

११ जाने., रविवार

सापकोंबड्यांचा प्रयोग फसला. मेलेले हिरवे त्यांना खायला घातले. धाड येऊन गेली की दाराशी त्यांचा ढीग पडलेलाच असतो, कुजून वास मारण्यापेक्षा कोंबड्यांनी खाल्लेले बरे, असा माझा विचार. अंडी भरपूर आली. पण पिल्लं निघाली ती दात घेऊनच. कोंबडीला दात! आधी त्यांनी आईला खाल्लं, मग राखणदार बुटक्याला. त्याची बायको रडत विहिरीपाशी जाऊन बसली, तर तिथे जाऊन तिलाही.

निष्कर्ष: जे खायला घालाल ते अंड्यात उतरतं. पुढच्या वेळी जाळी बारीक घेणे.

लग्नाला सहा वर्षं होत आली आणि अजून हाच गेम. डोंगराच्या पोटात बुटक्यांची वसाहत करायची, चित्रविचित्र जनावरं पाळायची, हिरव्या राक्षसांच्या धाडी परतवायच्या. नवीन नवीन असताना मी आणि सचिन एका खुर्चीत दोघं बसून खेळायचो. ती खुर्ची मोडली. आता तो चाकणच्या कंपनीत कायमचा सेकंड शिफ्टला, आणि मी सकाळी सातपासून चिंचवडच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. मी घरी येते तेव्हा तो मशीनवर, तो येतो तेव्हा मी झोपेत. त्याची सुट्टी गुरुवारी, तीही ओव्हरटाइममध्ये जाते. माझी रविवारी. आज बारापर्यंत घोरला, जेवला, गेला.

म्हणून ही खालची आळी. वसाहतीचं नाव स.नेच ठेवलेलं. सकाळी तो चालवतो, संध्याकाळी मी. नियम एकच: गेमचं गेममध्ये. फोनवर विषय काढायचा नाही, समोर भेटलो तरी विचारायचं नाही, काय सांगायचं ते जनावरांना नावं ठेवून सांगायचं. दिवाळीच्या सुमारास त्यानेच काढला हा नियम. मला तर फारच आवडला. बाकीच्यांचे नवरे मोबाइलवर गुलाबाची फुलं पाठवतात.

१३ जाने., मंगळ

एक म्हातारी सहापायी कळपातून बाजूला काढली. सहापायी म्हणजे गुहेतली म्हैसच, फक्त पाय सहा, डोळे नाहीत आणि दूध अंधारात चमकतं. हिचं दूध आटलंय. कुणाच्या हातचं खात नाही. जवळ गेलं की लाथ. कोपऱ्यात उभी राहून फुरफुरते, पण काय बिनसलंय ते कळू देत नाही.

नाव ठेवलं मालन. सासूबाईंचं. स. सकाळी बघेल आणि लोळेल हसून.

तिला मुख्य दारावरच्या पिंजऱ्यात टांगली. धाड आली की ओरडेल, आपल्याला कळेल. खपली तर खपली.

आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, आजचं बोलणं: 'कोथिंबीर कुनी संपवली कळंना.' भिंतीकडे बघून. मीही भिंतीकडे बघून सांगितलं, आणते. त्यांचं गाव चाकणच्या पलीकडे. गोठा होता, दुभत्या म्हशी होत्या. जमीन कंपन्यांना गेली, सासरे गेले, आणि आई इथे काळेवाडीत तिसऱ्या मजल्यावर आल्या. तेव्हापासून आमचं हे असं. भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

१४ जाने., बुध. संक्रांत.

आईंनी तिळाची वडी माझ्या डब्यावर ठेवून दिली. तोंडाने काही नाही.

खालच्या आळीत मात्र दिवाळी! स.ने मालनला पिंजऱ्यातून उतरवलंय. सगळ्यांत चांगल्या दावणीला बांधलंय, पुढ्यात वैरण, पाणी. आणि तिचं दूध काढायला कोण? माझी बुटकी. (माझ्या नावाची एक आहे तिथे, अश्विनी, लाल वेण्यांची. स.च्या नावाचाही आहे, ढेरपोट्या.) आटलेल्या म्हशीचं दूध काढायला मला लावलं! वर शेजारी एक तरणी पारडी आणून बांधलीय, ती मालनपेक्षा दुप्पट लाथा मारते. नाव: सूनबाई.

एकटीच हसले. आई आतून बघून गेल्या.

१९ जाने., सोम

स.चा प्रयोग. मी केला असता तर लोकांनी राक्षसीण म्हटलं असतं.

मुख्य दारावरच्या छताला झडप बसवली. खाली हिरव्यांची धाड आली. झडप उघडली. वरून टोणगे. नुसते टोणगे, एकामागून एक, कळपातले सगळे बिनकामाचे नर. हिरवे चेंगरले, टोणगे मेले, बुटक्यांनी खाली येऊन दोन्ही ढीग नीट वेगळे केले आणि रात्री मेजवानी केली. एकच टोणगा ठेवलाय, रेतनापुरता. त्याचं नाव पाटील.

हा तोच माणूस, जो चिकन आणायला गेला की दुकानाबाहेर तोंड फिरवून उभा राहतो. सहा वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. लॅबमध्ये दिवसभर मनाशी हसत होते, एका काकांची शीर दोनदा हुकली.

कळपातल्या म्हशींची नावंही हल्ली किती गोड ठेवतो. तांबडी, पवळी, कपिली. गावाची आठवण येत असणार.

२३ जाने., शुक्र

काल लिहिलं नाही. काल लॅबमध्ये दोन नळ्यांवरची नावं उलटी लागली. माझ्याच हातून. रिपोर्ट जायच्या आधी सापडलं, पण मॅडमनी सगळ्यांसमोर… जाऊ दे. घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. चहा उतू गेला. आई आल्या, गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, गेल्या. समोर माणूस रडतंय, काय झालं एवढं तरी विचारावं की नाही. दगड आहे ही बाई.

आज संध्याकाळी आळी उघडली तर माझी अश्विनी कामावरच नाही. तिला सगळ्या कामांतून मोकळी केलेली. तिच्या खोलीत मऊ बिछाना, उशाशी बिअरचा बुधला, दाराबाहेर चमकणाऱ्या अळंब्यांचा एवढासा वाफा. आणि दारात मालन बांधलेली, राखणीला.

मी स.ला काही सांगितलं नव्हतं. फोनसुद्धा केला नव्हता. तरी त्याला कळलं. असं कुणाला तरी आपलं न सांगता कळणं, यापेक्षा जास्त काय लागतं बाईला? दोन तास तशीच बघत बसले, काही खेळलेच नाही.

३ फेब्रु., मंगळ

लळ्याची भानगड लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. एकाच बुटक्याने एकाच जनावराचं रोज केलं की त्याला लळा लागतो. लळा लागला की ते जनावर कापता येत नाही, 'कापा'चं बटण करडं पडतं, दाबलं जात नाही. आणि जनावर मेलं तर बुटका वेडा होतो. म्हणून मी राखणदारांची सारखी अदलाबदल करते. स. मात्र अश्विनीला मालनच्या दावणीवरून हलवतच नाही. मी बदलते, तो सकाळी परत लावतो. चेष्टा किती ताणायची?

नवीन बांधकाम: गोठ्याच्या वरच्या अंगाला दोन कळा. डावी पाण्याची, हौदासाठी. उजवी लाव्हाची. हिरवे गोठ्यापर्यंत घुसलेच तर जनावरं बाहेर काढायची आणि उजवी ओढायची. सगळं साफ.

बांधत असताना आई मागून गेल्या. हल्ली मी बसले की सारख्या मागून जातात, हातात पाण्याचा तांब्या. 'दिवेलागणीला आगीशी कसले खेळ,' म्हणाल्या. तांब्याला.

६ फेब्रु., शुक्र

मला हे लिहायचंच आहे.

लॅबचं मशीन बंद पडलं, मॅडमनी सकाळीच सोडलं. मी किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये टेबलाशी आई. नाकावर चष्मा, काडीला दोरा बांधलेला. एका ताटलीत निवडलेली मेथी, एका हातात माऊस. 'मर की मेल्या,' असं कुणाला तरी म्हणत होत्या. मला वाटलं मालिका बघतायत. मग स्क्रीनवर पवळी दिसली.

बेडरूमचं दार बंद. आतून घोरण्याचा आवाज.

'लौकर आलीस?' असं मला विचारलं. भिंतीला नाही, मला.

'हे काय, आई?'

'त्यानं सांगितलं, बस जरा. मी बसले.'

'कधीपासून?'

'दिवाळीच्या आदीपासनं. त्याला झोप येती गं. पोरगा उभा ऱ्हातो तिकडं रातभर.'

'रोज? रोज तुम्ही?'

'व्हय. रोज.'

मी पर्स खांद्याला तशीच. त्यांनी गेम थांबवला. धाड चालू होती, बरोबर झडपेपाशी हिरवे आले असताना थांबवला, म्हणजे चांगला हात बसलाय. चष्मा काढला. पदराने पुसला.

'मालन म्हंजी मीच न्हवं का?'

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. पाणी भरून वाहायला लागलं तेव्हा बाहेर आले. त्या मेथी चिरत होत्या.

७ फेब्रु., शनि

गेमचं गेममध्ये! काय नियम काढला होता. विचारलं असतं तर त्याला एका म्हशीचं नाव सांगता आलं नसतं.

टोणगे कुणी टाकले? त्यांनी. कुणाच्या धाडसावर मी नळ्या भरताना हसत होते? त्यांच्या. तांबडी, पवळी, कपिली या त्यांच्या गोठ्यातल्या म्हशी होत्या, आज भाजीवाल्याशी बोलताना सहज म्हणाल्या. मी ऐकत असताना.

आणि तो बिछाना. मी रडले तेव्हा स. घरात नव्हताच. घरात एकच माणूस होतं.

मला किळस येतेय की रडू येतेय, कळत नाही. नवऱ्यावर प्रेम करत होते चार महिने आणि पलीकडे सासू बसलेली.

८ फेब्रु., रविवार

स.ला उठवला. सकाळी आठला, मुद्दाम.

'अगं झोप येते गं. मशीनवर उभा असतो मी.'

'मग सांगायचं होतंस, जमत नाही म्हणून.'

'सांगितलं असतं तर तोंड पाडून बसली असतीस. आणि तू खूश होतीस की! आईचाही वेळ जायचा. कुणाचं काय बिघडलं?'

'मला वाटत होतं तू आहेस.'

'कंपनीत नाही का, माणूस आला नाही की बदली देतात. लाइन थांबली नाही ना? मग झालं.'

लाइन. मी लाइन आणि आई त्याच्या बदली कामगार. एवढं बोलून वर विचारतो, पोहे आहेत का. दिले. मिठाशिवाय दिले. खाल्ले त्याने, त्याला कळलंही नाही.

फसवलं मला. दोघांनी मिळून फसवलं, त्याने झोपून आणि त्यांनी जागून. त्याचं एक वेळ समजू शकते, आळशी आहे, आधीपासून माहीत होतं. पण त्यांना ठाऊक होतं मी कुणाला समजून खेळतेय. समोर कोथिंबिरीचं भिंतीला सांगायचं आणि मागून माझ्या दारात अळंब्या लावायच्या! एकदाही म्हणाल्या नाहीत की पोरी, मी आहे.

११ फेब्रु., बुध

रागाच्या भरात आळी उघडली. सरळ मालनपाशी गेले. खाटीकखाना निवडला. 'कापा'.

बटण करडं.

कुणाला लळा लागलाय म्हणून बघितलं. अश्विनीला. माझ्याच बुटकीला! रोज सकाळी दावणीला लावून लावून, आटलेल्या म्हशीचे सड ओढायला लावून, तिला मालनचा लळा लावून ठेवलाय. आता मी मालनला हात लावू शकत नाही, आणि ती दुसऱ्या कशाने मेली तर वेडी होणार मी. घरात मला कुणी धोका द्यायचं राहिलं असेल तर ही चार बोटांची बाई.

लॅपटॉप आपटून बंद केला. स्क्रीनला कोपऱ्यात रेघ आली.

१६ फेब्रु., सोम

कुणीच खेळत नाही. आईंनी लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवलाय, मयतावर टाकतात तसा. आम्ही पुन्हा भिंतींशी बोलतो. 'दळन संपत आलंय.' 'आणते.'

लाज वाटते लिहायला, पण संध्याकाळी मला करमत नाही. लॅबमधून येताना अजूनही वाटतं, आज सकाळी काय केलं असेल. स. आठवत नाही तेव्हा. स. तर त्यात नव्हताच. पलीकडचं ते माणूस आठवतं. निर्दय, विनोदी, आणि मी रडले की बिछाना घालणारं. तसं माणूस आपल्याच ओट्याशी पाठ करून उभं आहे हे पटत नाही, आणि पटलं तर आणखी राग येतो. ते सगळं समोरासमोर द्यायला काय झालं होतं?

पण मी तरी त्यांना समोर काय दिलं? पिंजऱ्यात टांगलं होतं. तेही त्यांनी सकाळी चष्मा लावून बघितलं असणार.

२६ फेब्रु., गुरु

बसून क्रमाने लिहिते, नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही, माझासुद्धा.

स.ने आज ओव्हरटाइम घेतला नाही. मी आले तर टेबलाशी बसलेला. आंघोळ केलेली, भांग पाडलेला, टॉवेल काढून लॅपटॉप उघडलेला. 'आजपासून मी स्वतः,' म्हणाला. 'बदली बंद.' आई कणीक मळता मळता थांबल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. विरघळलेच जरा. आलं घालून चहा टाकला.

तोवर त्याने गेम सुरू करून उजवी कळ ओढली.

का? तर मशीन हातात घेतलं की आधी कुलंटचं पाणी सोडून लाइन धुऊन घ्यायची, मग कामाला लागायचं. आठ वर्षांची सवय. दोन कळा दिसल्या, एक ओढली. पाण्याची असेल म्हणाला.

लाव्हा सरळ गोठ्यात. आणि दारं बंद, जनावरं आत.

मी किंचाळले. आई पिठाच्या हातांनी धावत आल्या. 'तांबडी! आरं तांबडी हाय तिकडं!' मी त्याच्या हातातून माऊस ओढला, आईंनी माझ्या हातातून ओढला.

'डावी वढ, डावी!'

'ओढली, आई! पाणी पोचत नाहीये!'

'कपिलीला तरी काढ गं!'

'दार उघडत नाही!'

'सूनबाई जळाली! आगं बया, सूनबाई जळाली!'

हे एवढ्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून धावत आल्या, मागे काका, हातात पाण्याची बादली. दार उघडंच होतं. आत मी उभी, धडधाकट, हातात चहाची गाळणी. काकू माझ्याकडे बघतायत, मग आईंकडे.

'ही न्हाई,' आई म्हणाल्या. 'दुसरी.'

काकू काकांना घेऊन वर गेल्या. उद्या सोसायटीत काय काय होईल ते देव जाणे.

गोठ्यात काही उरलं नाही. पाटील गेला, म्हणजे वंशच गेला. बुटके मात्र खूश! भाजलेलं मांस आयतं मिळालं, वखार ओसंडून वाहतेय. त्यांनी ढोल काढले. सूनबाईचं कालवण झालं आणि सगळ्यांना आवडलं, अशी सूचना आली. ढेरपोट्या सचिनने दोनदा वाढून घेतलं.

'एवढं काय त्यात,' स. म्हणाला. 'नवीन घेऊ ना.'

आम्ही दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं. तो उठून दूध आणायला गेला. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या.

२७ फेब्रु., शुक्र

राखेतून फिरून बघितलं. एकच जनावर जिवंत आहे.

मालन. दावं तोडून आधीच बाहेर पडली होती. अश्विनीच्या दाराशी बसलीय, अळंब्या खात. लळा दोन्हीकडून लागतो हे मला माहीत नव्हतं.

आईंना सांगितलं नाही. जेवताना त्यांनी अर्धीच भाकरी घेतली. तांबडीचं दुःख असणार, पण कोणत्या तांबडीचं ते मी विचारू शकले नाही. गावचा गोठा मोडला त्या दिवशीही त्या अशाच जेवल्या असतील. तेव्हा मी याच घरात होते आणि मी विचारलं नव्हतं.

काल रात्री स. झोपायला आल्यावर पायाशी बसून 'सॉरी' म्हणाला, असं अर्धवट झोपेत ऐकू आलं. कशाबद्दल ते बोलला नाही. मी डोळे उघडले नाहीत.

१ मार्च, रविवार

उठले तर टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला.

माझ्या आधी कुणीतरी बसून गेलंय. रविवारी सकाळी कुणी खेळत नाही, ठरलेलं होतं. पण ठरलेलं आता काय उरलंय म्हणा.

राख काढून टाकलीय. जळालेल्या गोठ्याच्या जागी काही बांधलेलं नाही. अश्विनीची खोली आणि शेजारचा रिकामा गाळा, यांच्यामधली भिंत पाडलीय. त्या बाजूला मालन, मोकळी, दावं नाही. या बाजूला अश्विनीचा बिछाना. पाणी भरलेलं. गव्हाण मात्र रिकामी. ही बाई जनावराची गव्हाण रिकामी ठेवून उठणारी नाही. ती माझ्यासाठी ठेवलीय.

मी माफ केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. चार महिन्यांचं असं एका भिंतीने भरून निघत नाही. आणि ती म्हातारी अजून लाथ मारू शकते.

मग ढेरपोट्या सचिन कुठे आहे म्हणून शोधलं. कामावर नाही, वखारीत नाही, बिछान्यात नाही. सापडला. मुख्य दारावरच्या पिंजऱ्यात, जिथे मी मालनला टांगलं होतं, तिथे. धाड आली की ओरडेल.

हसू आवरेना. आई ओट्याशी पाठमोऱ्या, भाकरी थापत होत्या. थापणं थांबलं.

'खायला घातलं का कुनी तिला?' भिंतीला विचारलं.

'घालते,' मी म्हटलं. आईंच्या पाठीकडे बघून.

घातलं. मालनने वास घेतला, लाथ मारली नाही, खाल्लं.

'आन त्याला?'

बेडरूमचं दार बंद होतं. आतून घोरणं चालू होतं. दुपार झाली, स. जेवून शिफ्टला गेलाही, आणि तो पिंजरा अजून तिथेच आहे. आईंनी परत विचारलेलं नाही. मी अजून काही सांगितलेलं नाही.